मंत्र ऐच्छिक ठेवा

महोदय,
२१ जूनचा योग दिन जवळ आला की आम्हा ख्रिस्ती लोकांना ठरलेला प्रश्न येतो : तुम्हाला योग चालतो का? वसईत आमच्या योगवर्गाला गुडघेदुखीने बेजार झालेल्या मावश्या मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून येतात. सूर्यनमस्कारात कुणी ‘ॐ मित्राय नमः’ म्हणते, कुणी नुसता श्वास मोजते. बाई कुणालाच टोकत नाहीत. व्हॅटिकनच्या १९८९च्या पत्रात ध्यानपद्धतींबाबत सावधगिरीचा इशारा आहे. पण परधर्मातल्या पद्धती सरसकट नाकारू नयेत, असेही त्यातच म्हटले आहे. ते मात्र प्रवचनात क्वचितच ऐकू येते! जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर अँथनी डिमेलो तर श्वासावर लक्ष ठेवूनच प्रार्थना शिकवत. शिबिरे भरवणाऱ्यांनी मंत्र ऐच्छिक असल्याचे आधीच जाहीर केले, तर आमच्यातले आणखी कितीतरी जण येतील.

– एक ख्रिस्ती वाचक, वसई