वाद झाला म्हणूनच नोंद हवी

अकबर पदमसींच्या ‘लव्हर्स’ चित्राला विश्वकोशात वेगळी नोंद कशाला, चित्रकाराच्या नोंदीत दोन ओळी टाकल्या की झालं, असं आमच्या मित्रमंडळींत काहीजण म्हणतायत, मला अजिबात पटत नाही. १९५४ साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत पोलिसांनी ते उतरवायला सांगितलं, पदमसी नाही म्हणाले, मग अटक, खटला, त्यातून ते सुटले, सरकार हायकोर्टात गेलं तर तिथंही हरलं. आक्षेप कशावर, तर पुरुषाचा हात बाईच्या छातीवर आहे म्हणून! अहो, उमा-महेश्वराच्या कितीतरी जुन्या मूर्तींत शंकराचा हात तसाच असतो. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणंही लिहा, निकालही लिहा, पण दोन ओळींत हे मावणार कसं?

– एक वाचक, मुंबई