‘ओरखडे कायमचे घालवते’ या दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गडद रंगाच्या गाड्यांसाठीच्या आपल्या स्क्रॅच रिमूव्हर पॉलिशबाबत तक्रार व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी गाडी काळी आहे. गडद रंगावर बारीक ओरखडे किती उठून दिसतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको, आपण हे पॉलिश खास अशाच गाड्यांसाठी विकता. बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे: ‘बारीक ओरखडे कायमचे घालवते.’ तेवढ्या एका वाक्यावर भरवसा ठेवून मी ते घेतले. तो दावा खरा नाही, म्हणून हे पत्र.

गाडीवरचे ओरखडे नखाला लागत नव्हते, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापुरतेच, क्लिअर कोटपुरतेच, होते. सावलीत गाडी स्वच्छ दिसायची. ऊन थेट बॉनेटवर पडले की मात्र सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटायच्या. बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे गाडी धुऊन, कोरडी करून, सावलीत, एकेका भागावर फोमच्या पॅडने पॉलिश लावले आणि मायक्रोफायबरने पुसले. गाडी आरशासारखी झाली आणि मला मनापासून आनंद झाला. पुढे काही वेळा शाम्पूने धुतल्यावर त्याच रेघा परत दिसू लागल्या. डिकीच्या कुलपाजवळ एक छोटा, टोकाशी वळलेला ओरखडा आहे. तो मी चांगला ओळखतो. तोही जिथल्या तिथे, त्याच वळणासकट.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा सांगण्यात आले की हे ओरखडे नवीन आहेत, धुण्याच्या पद्धतीमुळे पडले असतील. हे उत्तर मला फार लागले. म्हणून मी डिकीवर मधोमध मास्किंग टेप लावली, दोन्ही बाजूंना आपले पॉलिश लावून पुसले आणि फक्त डावी बाजू पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून घेतली. टॉर्च धरली तर डावीकडे सगळ्या रेघा उघड्या, उजवीकडे लखलखाट. अल्कोहोलने पॉलिशमधले तेल आणि मेण निघून जाते, ओरखडे भरून निघत नाहीत की नव्याने पडत नाहीत. याचा अर्थ सरळ आहे: आपले पॉलिश ओरखडा काढत नाही, तो बुजवते. फोटो सोबत जोडले आहेत.

बुजवणारे पॉलिश विकण्यात गैर काही नाही. उलट जुन्या, पातळ झालेल्या रंगासाठी तेच शहाणपणाचे, कारण त्यात क्लिअर कोट झिजत नाही. पण मग बाटलीवर तसे लिहा. ओरखडा खरोखर घालवायचा तर त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट बारीक घासून त्याच्या तळापर्यंत सपाट करावा लागतो. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसापेक्षाही सहसा पातळ. दर वेळी त्यातला थोडा कायमचा जातो. म्हणूनच आपण विकत घेतोय ते घासणारे आहे की भरणारे, हे ग्राहकाला आधी कळलेच पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट पुढची आहे. मी पुन्हा फोन केल्यावर आपल्या प्रतिनिधीने सुचवले, ‘रोटरी मशीन आणि जाड कंपाउंड घ्या, जरा दाबून फिरवा.’ रोटरी म्हणजे एकाच जागी गरगर फिरणारे पॉलिशिंग मशीन आणि कंपाउंड म्हणजे रंग घासणारी पेस्ट. गाडीला आधी बफिंग झाले आहे का, रंगाची जाडी मोजली आहे का, हे विचारलेसुद्धा नाही. बॉनेटच्या कडांवर आणि बॉडीलाइनवर, म्हणजे पत्र्याच्या उठावदार घड्यांवर, थर पातळ असतो. तिथे नवख्या हातात रोटरी आली तर रंग तापतो, क्लिअर कोट पार घासून जातो आणि मग रंगकामाशिवाय इलाज राहत नाही. काळ्या रंगावर तर रोटरीचे ढगाळ पट्टेच राहतात आणि ते काढायला पुन्हा फिनिशिंग पॉलिश करावे लागते. मी तो सल्ला मानला नाही. पण मानणारेही असतील, आणि त्यांचे नुकसान आपल्या नावावर होईल. असे सल्ले ताबडतोब थांबवा.

माझी मागणी अशी: पॉलिशचे पूर्ण पैसे परत करावेत. त्यात घासणारे कण आहेत की नाहीत याचे लेखी उत्तर द्यावे. आणि ‘कायमचे’ हा शब्द बाटलीवरून व जाहिरातीतून काढून, परिणाम धुण्यागणिक कमी होतो हे तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. जमल्यास काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना हे लागू देऊ नये, अशी सूचनाही टाका. माझ्या बंपरच्या खरखरीत पट्टीवर पांढरे डाग बसले आहेत आणि ते धुऊन जात नाहीत.

ओरखडे नवीन आहेत हे आपले म्हणणे कायम असेल, तर आपला माणूस पाठवा. त्याच्यासमोर हीच चाचणी मी पुन्हा करून दाखवीन.

खरेदीची पावती, बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि डिकीवरच्या चाचणीचे फोटो सोबत आहेत. उरलेले पॉलिश तपासणीसाठी हवे असल्यास कुठे पाठवायचे ते कळवावे.

आपला,
एक ग्राहक