रात्रीच्या गाडीतली चैन सगळ्यांना मिळू दे

संपादक महोदय,

डेक्कन ओडिसी ही पर्यटकांची आलिशान रेल्वे २००४ पासून धावतेय, आतून अगदी राजवाडा, पण तिचं तिकीट नोकरदार माणसाला झेपत नाही हो. मला तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपेच खरी चैन वाटतो, दार सरकवलं, निळा दिवा लावला की दौंड कधी गेलं कळतसुद्धा नाही आणि सकाळी चहावाल्याच्या आवाजानंच जाग येते, लोहगाव विमानतळाच्या ट्रॅफिकची कटकट नाही की हॉटेलचा खर्च नाही. १९३० च्या दख्खनच्या राणीत आजही टेबलावर बसून गरम ऑम्लेट खाता येतं, मग पुणे-नागपूरच्या रात्रीच्या गाडीला डायनिंग कार का नको? रेल्वेनं एक डबा जोडून बघावाच.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे