ज्याचा आवाज, त्यालाच मज्जाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनहक्काचे दावे आणि आदिवासी बोलींची ध्वनिमुद्रणे अभ्यासकांसाठी खुली करावीत, असा लेख कालच्या अंकात वाचला. मागणी रास्त आहे. पण ज्यांचे दावे आणि ज्यांचे आवाज, त्यांना ते कधी बघायला-ऐकायला मिळणार, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

पेठ तालुक्यातल्या आमच्या गावी माझे थोरले काका थाळी वाजवत कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा म्हणत. शेजाऱ्याने प्लॉटचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा, दावा भरला तेव्हा जाणते म्हणून त्यांचा जबाब घेतला. वाघदेव कोणत्या बांधाला आहे, रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब कुठे भाजत, नागली कुठल्या नाल्यापर्यंत आणि वरई कुठून पुढे, कोणता बांध कोणाच्या आजाने घातला, हे सगळे त्यांनी कोकणा बोलीत सांगितले. कागदावर उतरले एवढेच: ‘सदर इसम सदर जागा पूर्वीपासून कसत आहे.’ दावा पुराव्याअभावी नामंजूर झाला.

काकांचे सगळे बोलणे त्याच वेळी एका अभ्यासकाने टेप करून एका संस्थेत जमा केले होते. अपिलासाठी शेजाऱ्याचा मुलगा आणि मी ते मागायला गेलो, तर ‘हे संशोधनासाठी आहे, विद्यापीठाचे पत्र आणा’ असे सांगून परत पाठवले. पुढे बाहेरगावचा एक विद्यार्थी आमच्याच घरी आला. त्याने ती टेप ऐकली होती, उतरवूनही घेतली होती. काका तोवर वारले होते. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा 1907 सालचा भिल्ली-खानदेशीचा खंड आज कोणीही घरबसल्या वाचू शकतो, आणि माझ्या काकांचे बोलणे मला ऐकता येत नाही!

वनहक्काच्या 2008 च्या नियमांतला नियम 13 लेखकाने जरूर वाचावा. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब आणि नामांकित संस्थांनी केलेली रूढी-परंपरांची नोंद, दोन्ही त्यात पुरावा म्हणून धरले आहेत. कायद्याला लागणारा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायला आमच्या लोकांकडे दुसरे कागद असतात कुठे? याच वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी 2018 च्या मार्चमध्ये बायाबापड्या नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेल्या, पायांची सालटी निघाली. म्हणून टेप असो, जबाब असो की मोजणीचा नकाशा, पहिली प्रत गावच्या वनहक्क समितीकडे यावी. बाहेरच्यांना जे दाखवायचे, ते ग्रामसभेच्या ठरावाने दाखवावे. अभ्यासकांना आमचे लोक अडवणार नाहीत. आजवर कोणाला अडवले आहे?

आणखी एक. त्याच लेखासोबत पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचा मोठा फोटो आहे. खाली फक्त ‘आदिवासी कलाकार’. ना नाव, ना गाव. शेजारच्या उद्घाटनाच्या फोटोत मात्र डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव हुद्द्यासकट छापले आहे. आपल्या छायाचित्रकाराला विचारून त्या बाबांचे नाव आणि गाव पुढच्या अंकात छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पेठ रोड, नाशिक