तिकिटांचा प्लॅन आधी दाखवा की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कॉन्सर्टच्या तिकिटांचा काळाबाजार हा विषय निघाला की बोलणारे सगळे मुंबई-पुण्याचे असतात, म्हणून म्हटलं एक पत्र सोलापुरातनं पण जाऊ दे. आपल्याकडं एवढे मोठे शो होत नाहीत, त्यामुळं इथल्या पोरापोरींना नवी मुंबई नाहीतर पुणं गाठावं लागतं आणि मग तिकीट म्हणजे नुसतं शोचं तिकीट राहत नाही, जायला हुतात्मा नाहीतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्वेशन, रात्रीचा मुक्काम, दुसऱ्या दिवशीची रजा, सगळं त्या एका कागदावर अडकलेलं असतं. नवी मुंबईतल्या नेरुळचा पोरगा शोच्या दिवशी संध्याकाळी गेटवर जाऊन भाव पडला का बघू शकतो, नाही पडला तर घरी जाऊन जेवतो. आपल्या पोराला ते जमत नाही, त्याला आठ-पंधरा दिवस आधी पक्कं तिकीट पाहिजे असतं, आणि ब्लॅकवाल्याला नेमकं असलंच गिऱ्हाईक पाहिजे असतं.

कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडचंच घ्या. २२ सप्टेंबर २०२४, रविवार दुपार, बुकमायशो या तिकीट साइटवर विक्री सुरू झाली, भाव २,५०० पासून ३५,००० पर्यंत. डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये आधी १८ आणि १९ असे दोनच शो होते, गर्दी बघून २१ चा तिसरा वाढवला. लोकांना रांगेतला स्वतःचा नंबर लाखात दिसत होता, बघता बघता सगळं सोल्ड आऊट आणि लगेच दुसऱ्या साइट्सवर तीच तिकिटं लाखाच्या घरात. बुकमायशोनं आमचा त्या साइट्सशी काही संबंध नाही म्हणून पोलिसांत तक्रार दिली, ऑक्टोबरमध्ये ईडीनं पाच शहरांत छापे टाकले, त्या तपासात पंजाबी गायक दिलजीत दोसांझच्या शोची तिकिटं पण होती. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका गेली, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं ती निकाली काढताना सांगितलं की असले नियम करणं हे कायदेमंडळाचं काम आहे. बरोबरच आहे म्हणा. म्हणजे काम आमदार-खासदारांचं झालं, आणि त्यांना शोचे पास घरपोच येतात, मग त्यांना कशाला घाई असेल!

आता पासचा विषय निघालाच आहे तर माझं खरं म्हणणं सांगून टाकतो. लोक बॉटला, म्हणजे माणसाआधी धडाधड तिकिटं काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या देतात, एजंटला देतात, द्याव्यातच. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही की बाबा विक्रीला तिकिटं होती किती? आपल्या सोलापुरातल्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाचं तिकीट खिडकीवर काढलेल्यांना आठवत असेल, बुकिंगवाला तुमच्यासमोर प्लॅन सरकवायचा, खुर्च्यांचा छापील तक्ता, त्यावर गेलेल्या सीटांवर पेनानं फुल्या. पुढच्या दोन-तीन रांगा बहुतेक वेळा आधीच काट मारलेल्या असायच्या, त्या कोणाच्या हे विचारायची गरज नसायची, पण निदान दिसायचं तरी! काय उरलंय ते बघून माणूस ठरवायचा की ‘जी’ अक्षराच्या रांगेतली कडेची घ्यायची का पुढच्या प्रयोगाला यायचं. एवढ्या मोठ्या ऑनलाइन विक्रीत हा प्लॅनच गायब आहे. स्पॉन्सरचा कोटा, बँकेच्या कार्डवाल्यांची आधीची विक्री, कलाकाराच्या माणसांचा, सरकारी लोकांचा, हे सगळं वजा जाता पब्लिकला किती खुर्च्या उरल्या हे विक्रीआधी कोण सांगतंय? दिलजीतच्या २०२४ च्या टूरला पण एका बँकेच्या कार्डवाल्यांना तिकिटं आधी मिळाली होती. ती देऊ नका असं मी म्हणत नाही, धंदा आहे, पण आकडा जाहीर करा. कारण "पाच मिनिटांत संपलं" ही जी हवा होते ना, त्या हवेवरच ब्लॅकवाल्याचा भाव चढतो.

दुसरं म्हणजे नाव. रेल्वेचं बघा, तिकिटावर नाव, वय, सोबत ओळखपत्र. तरी तिथंही एजंट आहेतच, पण निदान कायदा आहे, रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १४३, परवाना नसताना तिकिटांचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की ई-तिकिटांनाही ते लागू होतं. म्हणजे सोलापूर-मुंबई प्रवासाचं तिकीट ब्लॅक केलं तर गुन्हा, आणि ज्या शोसाठी हा प्रवास केला त्याचं तिकीट दहापट भावानं विकलं तर त्यासाठी असं सरळ कलमच नाही. गंमतच आहे सगळी.

जपाननं २०१९ मध्ये कायदा आणला, मूळ भावापेक्षा जास्त दरानं धंदा म्हणून तिकीट विकलं तर एक वर्षापर्यंत तुरुंग नाहीतर दहा लाख येनपर्यंत दंड, पण त्यात एक मेख आहे बघा, हा कायदा त्याच तिकिटांना लागतो ज्यांच्या विक्रीच्या वेळी घेणाऱ्याचं नाव-संपर्क घेतलाय आणि परत विकायला बंदी आहे असं सांगितलंय. म्हणजे आधी आयोजकानं आपलं काम करायचं, मग पोलिसांनी. आयर्लंडनं २०२१ मध्ये मोठ्या कार्यक्रमांसाठी मूळ भावापेक्षा जास्त घ्यायलाच बंदी केली. अमेरिकेनं बॉटविरोधी कायदा २०१६ मध्येच केला होता आणि पहिली कारवाई झाली २०२१ मध्ये, चार वर्षं नुसता कागद! त्यामुळं कायदा झाला की सुटलो असं पण नाही.

नाव छापलं की लगेच लोक म्हणतात, मग आजारी पडलो तर, परीक्षा लागली तर, तिकीट वाया जायचं का? रास्त आहे. त्याच्यावर उपाय म्हणजे जिथनं घेतलं तिथंच परत द्यायचं, ज्या भावात घेतलं त्याच भावात, वाटलं तर थोडं प्रोसेसिंग कापून घ्या, आणि ते तिकीट रांगेतल्या पुढच्या माणसाला जाऊ दे. माझ्या मते सगळ्यात मोठी गोची इथंच आहे. आज ज्याला खरोखर जाता येत नाही त्या सरळ माणसाला पण इन्स्टाग्रामवर "दोन तिकिटं आहेत, डीएम करा" असं टाकावं लागतं, आणि त्या गर्दीत भामटा सहज मिसळतो.

आमच्या अपार्टमेंटमधल्या एका मुलीचं असंच झालं. पुण्यातला शो होता, टेलिग्रामवर एकानं दोन तिकिटं दिली, भाव मूळपेक्षा थोडाच जास्त, त्यामुळं संशय पण आला नाही, यूपीआयनं पैसे गेले, स्क्रीनशॉट आला. तो स्क्रीनशॉट तिनं नंतर मला दाखवला. क्यूआर कोड ठळक होता, पण वरची पट्टी कापलेली, बुकिंग नंबरचे शेवटचे आकडे कापलेले, आणि सीटच्या ओळीतली अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा जाड. गेटवर मशीन लाल झालं. आधीच स्कॅन झालंय म्हणाला तिथला पोरगा, आणि त्याचं तरी काय चुकलं, त्याच्यामागं हजार माणूस ढकलत होतं. बाहेर आली, नंबर बंद. रात्री स्वारगेटला एसटीत बसून परत सोलापूर. घरच्यांनी वर बोलणी दिली ती वेगळीच!

काही लोक म्हणतात मार्केट आहे, मागणी जास्त तर भाव जास्त, त्यात चूक काय. मला हे पटत नाही. सोलापुरी चादर महाग झाली तर त्यात सूत आहे, रंग आहे, मागावर उभं राहिलेल्या माणसाची मजुरी आहे. ब्लॅकवाल्यानं काय केलं? ना गाणं म्हटलं, ना स्टेज बांधला. आणि वरचे पैसे कलाकाराला जात असते तर एक वेळ समजून घेतलं असतं, ते पण नाही. अर्थात कंपन्या स्वतःच भाव हलवायला लागल्या तर तो पण वैताग, २०२४ मध्ये इंग्लंडात ओॲसिस या बँडच्या तिकिटांना लोक १४८ पाउंड म्हणून तासन्‌तास रांगेत थांबले आणि नंबर आला तेव्हा स्क्रीनवर ३५५ पाउंड दिसले. हे म्हणजे ब्लॅकवाल्याची खुर्ची कंपनीनंच घेतली की हो!

कायदा यायचा तेव्हा येईल, तोपर्यंत आपल्या पोरांनी थोडं डोकं चालवावं. पहिल्या दिवशी नाही मिळालं म्हणून हातघाईवर यायचं नाही, मोठ्या शोला पुष्कळदा मागाहून अधिकृत तिकिटं सुटतात, स्टेजचा अंदाज आला की अडवून ठेवलेल्या सीट मोकळ्या होतात, म्हणून आयोजकाच्या पेजवर लक्ष ठेवा. स्क्रीनशॉट आणि पीडीएफ म्हणजे तिकीट नव्हे, ॲपमध्ये ट्रान्सफरची सोय असेल तर तसंच घ्या, आपल्या अकाउंटला आल्याशिवाय पैसे सोडू नका. "टोकन पाठवा, होल्ड करतो" म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक. स्वतःचं तिकीट मिळाल्याच्या आनंदात क्यूआरसकट फोटो स्टोरीला टाकायचा नाही, हे सांगून सांगून थकलो. आणि फसलाच तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, जितकं लवकर तितकी समोरच्याचं खातं गोठवायची शक्यता जास्त. तिकिटाच्या भावात शेवटच्या पानावर गुपचूप चार्जेस वाढवले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, २०२३ च्या केंद्राच्या नियमावलीत असं शेवटी भाव फुगवणं चुकीचं धरलंय.

आणि सोलापुरातल्या आयोजकांनी हसू नये, आपल्याकडं ब्लॅक कमी असेल पण पास? ऑर्केस्ट्रा असो, लावणी असो, स्टँडअप असो, पैसे मोजून आलेला माणूस मागं आणि फुकटा सोफ्यावर, हे सगळ्यांनी बघितलंय. जागा उरल्यात म्हणून शेवटच्या क्षणी पास वाटतात आणि त्यातले काही बाहेर शंभर-दोनशेला फिरतात. इथं पन्नास हजारांचं स्टेडियम नाही, हजारभर खुर्च्यांचा हॉल आहे, तिकीट खिडकीच्या बाहेर प्लॅन चिकटवायला कितीसा खर्च येतो?

संपादक साहेब, एक काम तुमच्याकडं पण आहे. शोची पान-पान जाहिरात तुमच्याकडं येते, त्यात कलाकाराचा फोटो असतो, "तिकिटं मर्यादित" असतं. मर्यादित म्हणजे किती, सर्वसामान्यांना किती आणि राखीव किती, हे दोन आकडे छापल्याशिवाय असली जाहिरात घेऊ नका. जाहिरात विभाग नाराज होईल, माहिती आहे.

आपला,
एक वाचक
विजापूर रोड, सोलापूर