मासा का सोडला

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन मासा धरलास, आणि सोडून दिलास?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

उत्तराखंडात काठगोदामला उतरून जीपनं दिवसभर घाट चढउतार केला, तेव्हा कुठे पंचेश्वर आलं. तिथे काली आणि सरयू या नद्या मिळतात. पलीकडचा काठ नेपाळचा. आई, संगमावर देऊळ आहे. तिथला चौमू देव गुराढोरांचा राखणदार, लोक त्याला घंटा वाहतात. तुझ्या नावानं मीही एक वाहिली.

आम्हाला नेणारा वाटाड्या तिथल्याच गावचा, माझ्याहून लहान, मला 'दाज्यू' म्हणायचा, म्हणजे दादा. पहिल्या सकाळी त्यानं अर्धा तास गळ हातात घेऊच दिला नाही. नुसतं पाणी बघायला लावलं. बाबा, प्रीतिसंगमावर तुम्ही मला हेच करायला लावायचात. काली बर्फाची, थंडगार. सरयूचं पाणी त्यामानानं उबदार. दोन्हींच्या सांध्यावर बारके मासे जमतात आणि त्यांच्यामागे महसीर येतो, आम्ही धरायला गेलो होतो तो मोठा मासा. तुमच्या कणकेच्या गोळ्याऐवजी तिथे पितळेचा लकाकता चमचा लावतात, माशाला तो बारका मासाच वाटतो.

तिसऱ्या दिवशी लागला. रिळाची दोरी सरसरत सुटली, दोन्ही हातांनी दांडी आवरेना. वीसेक मिनिटांनी काठाला आला. सात-आठ किलोचा असेल. खवले जुन्या रुपयाएवढे, कडेला सोनेरी. तोंडात दात नाहीत, ते घशात असतात. भक्ष्य तिथे चिरडतो. गळाच्या आकड्याला उलटा काटा नव्हता, त्यामुळे अलगद निघाला. मग मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरून राहिलो. कल्ले हलू लागले, अंगात जोर आला आणि तो आपणहून गेला. बाबा, ते हातांना अजून जाणवतं.

हा सोनेरी महसीर सगळीकडेच कमी झालाय. त्याला वाढायला वर्षं लागतात. पूर्वी तिकडे सुरुंग लावूनही मासे मारायचे, असं तो वाटाड्या पोरगा सांगत होता. आता त्याचं घर याच माशावर चालतं. मासा जिवंत राहिला तरच पुढच्या वर्षी माणसं येणार. सोडायला एवढं कारण मला पुरलं.

पण आई, मुख्य तुला विचारायचंय. १९९६ साली भारत-नेपाळचा महाकाली करार झाला (महाकाली म्हणजे हीच काली), त्यात पंचेश्वरला मोठं धरण बांधायचं ठरलंय. अजून झालेलं नाही. पावसाळ्यात महसीर अंडी घालायला वर चढतो, त्याला भिंत आडवी येणार. त्या पोराचं शेतही पाण्याखाली जाणार. मी म्हटलं, माझ्या आईचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं. तो एकदम जवळ सरकून बसला. विचारू लागला, निघताना तुमच्या माणसांनी बरोबर काय काय नेलं? देव नेले का? गुरांचं काय केलं?

मला काहीच सांगता आलं नाही. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. येत्या शनिवारी कराडला येतोय, मुक्कामाला. तू सांग, मी लिहून घेईन. त्याला पाठवायचंय. बाबा, संध्याकाळी संगमावर जाऊ. गुडघा दुखत असेल तर खालपर्यंत उतरायला नको, वरच बसू.

तुमचा,
बाळू