बारक्याच्या कमरेचं काय करायचं

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबा, सा. नमस्कार.

बारक्याच्या कमरेच्या ऑपरेशनचे टाके निघाले, पायातली कळ गेली आणि घरात दोन पक्ष पडले असं दिसतंय. आई म्हणते, महिनाभर त्यानं अंथरूण सोडायचं नाही. बाबा म्हणतात, तो बार्सिलोनाचा गोलकीपर दोन महिन्यांत खेळायला उभा राहिला, मग आपल्या बारक्याला फुटबॉलला परतायला कशाला सहा महिने? फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं निम्मं राहून जातं. म्हणून सगळं लिहून पाठवते. त्यालाही वाचायला द्या, नाहीतर तो आपल्या सोयीचं तेवढंच ऐकेल.

आधी ऑपरेशनमध्ये झालं काय ते. दोन मणक्यांच्या मधे जी गादी असते, तिला बाहेरून कांद्यासारखं पापुद्र्यांवर पापुद्रे असलेलं चिवट कडं असतं आणि आत ओलसर गर. बारक्याची सगळ्यात खालची गादी, रिपोर्टवर एल-5 एस-1 लिहिलीय ती, मागच्या बाजूनं फाटली आणि गराचा तुकडा बाहेर येऊन नसेवर बसला. सर्जननं अडीच-तीन सेंटीमीटरची चीर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली नस अलगद बाजूला केली आणि तेवढा सुटा तुकडा उचलला. नवी गादी बसवलेली नाही, स्क्रू-पट्टी काही नाही. आणि ज्या भोकातून तुकडा बाहेर आला ते भोक सहसा शिवत नाहीत. ते हळूहळू व्रणाच्या जाड मांसानं बुजतं. गादीला रक्त जवळजवळ पोहोचतच नाही, त्यामुळे या कामाला महिने लागतात.

कातडी चौदा दिवसांत जुळते. नसेवरचा दाब गेला की पायाची कळ कधी कधी त्याच दिवशी थांबते. म्हणजे पोराला बरं वाटतं तिसऱ्या आठवड्यात आणि आतलं भोक भरतं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. घात होतो तो या मधल्या काळात. शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांचा तुकडा त्याच जागी पुन्हा बाहेर येतो. कड्याची चीर सहा मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर धोका आणखी वाढतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचारा, भोक केवढं होतं? ऑपरेशनच्या नोंदीत बहुतेक असतं.

आई, तुझी काळजी कळते, पण झोपवून ठेवल्यानं गादी लवकर भरत नाही. पाठीचे आणि कुल्ल्याचे स्नायू मात्र सुकतात, आणि पोटऱ्यांत रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. त्याला चालू दे. आत्ता दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर. सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास, दोनदा. चालताना कंबर जड झाली तर चालेल, पायात कळ उतरली तर मागे फिरायचं. सलग बसणं वीस-तीस मिनिटांच्या वर नको. जेवायला खुर्ची-टेबल, पाटावर मांडी घालून नाही. मांडी घातली की कमरेचा बाक सपाट होतो आणि गर मागं, म्हणजे थेट त्या भोकाकडं, ढकलला जातो. वाकून मोबाईल बघत बसण्यातही हेच होतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा तूच जास्त ऐकवू शकशील.

उठायची पद्धत शिकव. उताणं झोपलेलं असताना दोन्ही गुडघे मोडायचे, खांदा आणि कुल्ला एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, ओंडका लोळवावा तसं. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपरानं आणि वरच्या हाताच्या तळव्यानं रेटा देऊन बसतं व्हायचं. कंबर कुठंही पिळली गेली नाही पाहिजे. मान उचलून सरळ उठून बसणं सध्या बंद.

सकाळचा पहिला तास सगळ्यात नाजूक. रात्री झोपेत गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्या उठल्या ती ताठ असते आणि वाकलं की कड्यावर ताण जास्त येतो. दात घासताना बेसिनवर वाकायचं नाही, एक हात टेकवून गुडघे थोडे मोडायचे. मोरीत खाली बसून अंघोळ नको, स्टुलावर बसून आणि बादलीही दुसऱ्या स्टुलावर. ती भरून उचलायचं काम बाबांचं.

बादलीवरून एक हिशेब सांगते. 1999 साली जर्मनीत उल्म इथं एका माणसाच्या कमरेच्या गादीत बारीक मापक बसवून दाब मोजला होता. उताणं झोपल्यावरचा दाब 1 धरला तर नुसतं उभं राहिल्यावर 5. पाठीतून वाकून 20 किलो उचलल्यावर 23. तेच वजन गुडघे मोडून उचललं तर 17, आणि अंगाशी धरलं तर 11. आकडे एकाच माणसाचे आहेत, पण प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. 20 किलो म्हणजे आपली मोठी बादली काठोकाठ. सहा आठवडे त्यानं दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं आणि कुंथल्यावर पोटातला दाब थेट मणक्यावर येतो. पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल. पांढरा रस्सा खुशाल दे, पण त्याच्याबरोबर काकडी-कोशिंबीरही जाऊ दे. खोकला-शिंक आली तर उभं राहून, एक हात भिंतीला किंवा मांडीवर टेकवून.

दोन गोष्टींना मात्र साफ नाही म्हणा. एक, तालमीतल्या वस्तादांची मालीश आणि ‘कंबर मोडून’ देणं. वस्तादांचा हात मोठा आहे, मुरगळलेल्या घोट्याला त्यांच्याकडं नेलं तर माझी हरकत नाही. पण उघड्या भोकाच्या गादीवर पिळा दिला तर ज्यासाठी ऑपरेशन केलं तेच पुन्हा हातात येईल. दुसरी, मावा. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि गादीला जे थोडंफार मिळतं तेही कमी होतं. तो खात नाही असं तो मला सांगतो. तुम्ही खिसे बघा.

आता बाबा, तुमचा गोलकीपर. टेर स्टेगनचं ऑपरेशन डिसेंबर 2023 मध्ये झालं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो गोलमध्ये उभा राहिला, हे खरंच आहे. पण पुढचं तुम्ही सांगत नाही. जुलै 2025 मध्ये त्याच्या कमरेचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. तेव्हा तो म्हणाला साधारण तीन महिने लागतील, आणि क्लबला हवे होते चार महिन्यांहून जास्त. कारण स्पॅनिश लीगच्या नियमात एवढ्या लांब दुखापतीवर त्याच्या पगारातला मोठा हिस्सा दुसऱ्या खेळाडूच्या नोंदणीला वापरता येतो. मोठ्या क्लबच्या तारखा नुसती कंबर बघून ठरत नाहीत, एवढं यातून घ्या. पहिल्या घाईमुळेच दुसरं ऑपरेशन करावं लागलं असं मी म्हणत नाही, ते बाहेरून कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय तो गोलकीपर. तो एका सामन्यात आपल्या बारक्याइतका धावत नाही. आणि पाठीशी स्वतःचे फिजिओ, पोहण्याचा तलाव, दिवसभर दुसरं काम नाही.

ब्राझीलच्या नेमारचा दाखलाही देऊ नका. 4 जुलै 2014 ला कोलंबियाविरुद्ध पाठीत गुडघा बसून त्याच्या तिसऱ्या कमरेच्या मणक्याचं बाजूचं पंखासारखं हाड मोडलं होतं. गादी शाबूत, ऑपरेशन नाही. हाडाला रक्त भरपूर, ते जुळतं, म्हणून तो ऑगस्टमध्ये पुन्हा मैदानात होता. दोन्ही दुखणी कमरेची, पण जात वेगळी.

फुटबॉलमध्ये कमरेवर धावण्यापेक्षा किकचा मार जास्त. जोरात मारताना पाय मागे जातो तेव्हा कंबर मागे वाकते आणि पिळते, चेंडूला पाय लागल्यावर ती झटक्यात पुढं मोडते. टेकवलेल्या पायावर त्याच क्षणी अंगाच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास भार. मागं वाकणं, पिळणं, पुढं मोडणं, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. हेडरमध्ये हेच हवेत होतं, वर धक्का देणारा समोरचा असतोच. त्यामुळे आधी पळणं, मग पास, मग वळणं, आणि फटका सगळ्यात शेवटी.

क्रम असा धरा. सहा आठवड्यांपर्यंत चालणं, पोट आत न ओढता नुसतं घट्ट धरायचा सराव, उताणं झोपून कुल्ले उचलणं, आणि हातापायांवर ओणवं होऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं, दहा-दहा सेकंद धरून सहा वेळा. सिट-अप आणि पायाच्या अंगठ्याला हात लावायचे व्यायाम नकोत. लहानपणापासून शाळेत तेच करवून घेतल्यामुळे पोरं आपसूक तेच करतात. सहा ते बारा आठवड्यांत कुल्ल्यातून वाकायला शिकणं (पाठीला काठी लावायची, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेली राहिली पाहिजेत), साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधारानं अंग सरळ उचलून धरणं), एका पायावरच्या बैठका. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला मऊ जमिनीवर एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, दिवसाआड. आतल्या बाजूनं दहा मीटरचे वीस-पंचवीस पास त्यानंतर. उंच चेंडू आणि गोलवर फटके चौथ्या महिन्याच्या आधी नाहीत, सुरुवातीला निम्म्या जोरानं पंधरा. मग धक्काबुक्कीशिवाय सराव, मग संघाबरोबर पूर्ण सराव किमान दोन-तीन आठवडे, आणि मग सामन्यातली शेवटची वीस मिनिटं. सगळं सुरळीत गेलं तर पाच-सहा महिने. हा हंगाम गेला असं धरूनच चाला. पेठेतले संघवाले कितीही घरी येऊन बसले तरी.

हे आठवडे म्हणजे नुसता अंदाज. प्रत्येक पायरीला चोवीस तास वाट बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर थोडी आखडली, दहापैकी तीनपर्यंत, तर चालतं. कुल्ल्याच्या खाली काहीही उतरलं, कळ, मुंग्या, बधिरपणा, तर एक पायरी खाली. दुखणं पायातून वर कमरेत सरकत गेलं तर बरं, कमरेतून पायात उतरत गेलं तर वाईट, मग ते कितीही थोडं असो.

दर रविवारी बाबांनी एक चाचणी घ्यायची. सुरुवात सहाव्या आठवड्यापासून. बारक्यानं अनवाणी एका पायावर उभं राहायचं, भिंतीला फक्त दोन बोटं, गुडघा ताठ, आणि टाच पूर्ण वर उचलून खाली आणायची. आधी चांगला पाय, मग ऑपरेशनच्या बाजूचा. पंचवीसपर्यंत मोजा. टाच अर्धीच उठली, गुडघा मोडला की मोजणं थांबवा. दाबली गेलेली नस पोटरीला जोर देते, त्यामुळे दुखत नसलं तरी ही पोटरी मागं असते. सुरुवातीला सात-आठवर अडकला तर घाबरू नका. दोन्ही पायांत दोन-तीनचाच फरक उरेपर्यंत वेगानं पळणं आणि उड्या नाहीत. कमी जोराच्या पायावर धावलं की मांडीची मागची शीर ओढली जाते, आणि मग सगळे म्हणतात नशीबच खराब. करंगळीच्या बाजूची बधिर जागा मात्र महिनोन् महिने राहू शकते. नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते आणि कमरेपासून करंगळीपर्यंत वाट लांब आहे.

पुढच्या गोष्टींसाठी मला विचारत बसू नका, थेट दवाखाना गाठा. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटले, तर त्याच तासाला, रात्री दोन वाजले तरी. पाऊल उचलताना घासायला लागलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, बरी होत आलेली कंबर अचानक रात्री झोपू देईना, एक पोटरी सुजून गरम झाली, तर त्याच दिवशी. उभं राहिलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, हेही कळवायचं. नसेभोवतालच्या पाण्याच्या आवरणाला बारीक भोक असू शकतं.

खेळायला लागल्यावरही कंबर पहिल्यासारखी होणार नाही, गादी थोडी बसकी राहील. त्याच्यासह खेळता येतं. अमेरिकन फुटबॉलमधल्या टोनी रोमोचं गादीचं ऑपरेशन डिसेंबर 2013 मध्ये झालं. 2014 च्या हंगामात डॅलसच्या संघानं त्याला बुधवारच्या सरावातून सूट दिली होती, आणि त्या वर्षी चेंडू फेकून पास देण्याच्या गुणांकात तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. बारक्याला पुढच्या हंगामात असा एक बुधवार लागेल. कोचशी ते आत्ताच बोलून ठेवा बाबा, तुमचं ते ऐकतात.

कमोडची खुर्ची मंगळवारपर्यंत घरी येईल. तिचे पाय खाली-वर होतात. बसल्यावर गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे खाली राहतील एवढी उंची ठेवा, आणि चारही पायांचे रबर फरशीवर नीट बसलेत का ते पाणी टाकून एकदा बघून घ्या.

तुमची
लेक